बांज वांझ नाही

सातवीच्या वर्गात इंग्रजीचा धडा चालला होता. धड्यात ‘ओक’ नावाचे झाड आले आणि पहिल्या बाकावरच्या एका चौकस पोराने विचारले, “बाई, ओक म्हणजे काय?” मी तोंड उघडण्यापूर्वीच मागून आवाज आला, “आमच्या शेजारी ओक राहतात, बाई! पण त्यांच्याकडे झाड नाही.” वर्ग खो खो हसला, मीही हसले. मग एका हुशार मुलीने बाजारात मिळणारी शब्दार्थवही उघडली आणि ठणठणीत आवाजात वाचून दाखवले, “ओक : एक विलायती झाड.” शंका फिटली, पोरे पुढच्या ओळीकडे वळली, तास संपला. मला मात्र त्या तीन शब्दांनी रात्रभर झोप येऊ दिली नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि वीस वर्षे पोरे शिकवली, एवढेच माझे भांडवल. पण खोटे उत्तर ओळखायला पदवी लागत नाही. ‘विलायती झाड’ हे उत्तर खोटे आहे. आणि ते नुसते खोटे असते तर मी दिवाळीच्या अंकात, फराळाचे ताट समोर असताना, तुमचा वेळ घेतला नसता. त्या उत्तरामागे एक मोठी आणि महागात पडणारी समजूत लपलेली आहे. मला भांडायचे आहे ते तिच्याशी.

आधी घरातलीच गोष्ट घ्या. ज्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या जिभेला ओकची चव जन्मानंतर थोड्याच दिवसांत लागलेली आहे. दचकू नका! बाळगुटीच्या डब्यात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांच्या शेजारी एक टणक, करडे, खडबडीत गोळीएवढे फळ असे; त्याला आपण ‘मायफळ’ म्हणतो. खरे पाहता ते फळ नव्हेच. इराण, सीरिया, तुर्कस्तान या बाजूला ओकची एक जात वाढते. तिच्या कोवळ्या डहाळीत एक चिमुकली गांधीलमाशी अंडे घालते. झाड त्या जागी गाठ धरते, आणि त्या गाठीच्या आत माशीचे पिलू वाढते. ती वाळलेली गाठ म्हणजे आपले मायफळ. तुरटपणा तिच्यात इतका, की तिच्यापासून काळी शाई करीत, कातडी कमावीत, कापड रंगवीत. शेकडो कोसांवरून आलेली ही गाठ नागपूरच्या महालातल्या आणि इतवारीतल्या पसाऱ्यांच्या पुडीत बांधली जाई आणि घरोघरच्या सहाणेवर उगाळली जाई. (आजचे डॉक्टर सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाच्या तोंडी काही घालू नका म्हणतात, ते ऐकावे. मी गुटीची वकिली करायला बसलेली नाही.) सांगायचे एवढेच, की ज्याला आम्ही विलायती म्हणून हसण्यावारी नेले ते झाड पिढ्यान्‌पिढ्या आमच्या पाळण्यापाशी उभे होते.

आमच्या घरी मायफळ उगाळायचे काम मोठीआईचे. ती माझ्या थोरल्या काकांची बायको. तिच्याविषयी मला पुढे बोलायचे आहे. तूर्त तिला सहाणेपाशीच बसू दे.

ओकच्या चारशेंहून अधिक जाती जगात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ आशियातल्या आहेत. युरोपातला प्रसिद्ध ओक हिवाळ्यात पाने टाकून उघडाबोडका उभा राहतो. आपल्या हिमालयातले ओक मात्र सदाहरित आहेत. नवी पालवी आल्याखेरीज जुनी पाने खाली ठेवीत नाहीत. गढवाल आणि कुमाऊँमध्ये खालच्या दऱ्याखोऱ्यांत फलियांट, त्याच्या वर बांज, त्याहून वर तिलोंज, आणि अगदी वर, बर्फाच्या शेजाराला, खरसू अशी त्यांची वस्ती. यांतला बांज साधारण चार हजार ते आठ हजार फुटांच्या पट्ट्यात राहतो, म्हणजे नेमका माणसांच्या गावांना लागून. पान वरून गर्द हिरवे, कडा दातेरी, आणि खालून पांढुरके, लवदार. वारा आला की सबंध डोंगर एकदा हिरवा आणि एकदा रुपेरी दिसतो. शास्त्रज्ञांनी त्याला जे लॅटिन नाव दिले आहे, ‘क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा’, त्याचा अर्थही पांढरी लव वागवणारा असाच आहे.

आमच्या महाराष्ट्रात बांज नाही. सह्याद्रीत नाही, सातपुड्यात नाही, नागपुरात तर नाहीच नाही. आमच्या बागांतून ‘सिल्व्हर ओक’ म्हणून जे उंच झाड मिरवते तो ऑस्ट्रेलियातला पाहुणा. ओकच्या कुळाशी त्याचे नखाइतकेही नाते नाही. म्हणजे गंमत पाहा : जो ओक नव्हे त्याला आम्ही कौतुकाने ओक म्हणतो आणि जो आपल्याच देशातला ओक, त्याला विलायती म्हणतो!

आता मूळ भांडणाकडे येते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात रस्ता रुंद करायचा होता आणि वाटेत जुनी कडुनिंबे आणि एक पिंपळ येत होता. नागरिकांची सभा भरली. तिथे एक वयस्क, सभ्य, सुशिक्षित गृहस्थ उठले. नाव सांगत नाही, कारण माझे भांडण माणसाशी नाही. ते म्हणाले, “ताई, तुम्ही उगाच हळव्या होता. झाड ते झाड! एक गेले तर दहा लावू. आणि ही म्हातारी झाडे देतात काय? ना फळ, ना इमारती लाकूड. वांझ झाडे ही!” टाळ्या पडल्या. मला त्या वेळी नीट उत्तर सुचले नाही. शब्दांवर पोट भरणारी बाई मी, आणि नेमक्या वेळी शब्द आटले. ते उत्तर आज देते.

उत्तर मला सापडले अल्मोड्याकडे. मे महिन्याच्या सुटीत आम्ही चार शिक्षिका तिकडे गेलो होतो. खालची वाट चीडच्या रानातून जात होती. चीड म्हणजे तिथला पाइन. सरळसोट, देखणा, फोटोत काढण्याजोगा. पायाखाली त्याच्या वाळल्या सुयांचा जाड थर. पाऊल घसरे, आणि त्या थरातून गवताचे पाते क्वचितच वर आलेले. ऊन नागपूरची आठवण करून देईल असे. मग चढ चढून आम्ही एका वळणावर बांजच्या रानात शिरलो आणि कुणी माठाचे झाकण काढावे तसा गारवा अंगावर आला. खोडांवर शेवाळ, फांद्यांवर नेचे, पायाखाली काळीभोर भुसभुशीत माती. कडेला दगडी तोंडातून पाण्याची करंगळीएवढी धार पडत होती, मे महिन्यात! एक बाई तिथे हंडा भरीत होती. मी तिला विचारले, “हे झाड कोणते?” ती म्हणाली, “बांज.” माझ्या मराठी कानाला ‘वांझ’ ऐकू आले. हिंदीत ‘बांझ’ म्हणजे वंध्या हे मलाही ठाऊक होते. मी पुन्हा विचारले. तिने पुन्हा तेच सांगितले आणि माझ्या अज्ञानाला हसून हंडा डोक्यावर घेतला.

नावातले हे साम्य योगायोगाचे असेल. पण मला ते विसरता येईना, कारण त्या झाडाला सरकारदरबारी खरोखरच वांझेची वागणूक मिळालेली आहे. बांजचे लाकूड जड आणि कठीण. वाळताना वाकते, तडकते. त्याच्या सरळ फळ्या निघत नाहीत. म्हणून इंग्रजांच्या वनखात्याने त्याची गणती जळणात केली. डोंगरावरच्या थंड हवेच्या गावांत साहेबांच्या शेगड्या पेटवायला त्याचा कोळसा झाला. चीडची गोष्ट निराळी. त्याच्या खोडातून राळ निघते, राळेतून टर्पेंटाइन निघते, आणि औषध पाजून टिकाऊ केलेल्या त्याच्या लाकडाचे रेल्वेचे स्लीपर होतात. तिजोरीत रुपया वाजवणारे झाड ते! १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँची रानेच्या राने राखीव झाली. चीडचे रान वाढावे म्हणून नियम झाले, आणि लोकांच्या गुरांना, विळ्यांना आणि जाळण्याच्या रिवाजाला मज्जाव झाला.

आता पाहा, ज्याला खात्याने वांझ म्हटले तो बांज गावाला काय देत होता. हिवाळ्यात सगळे गवत सुकले की हिरवा चारा बांजचा. चुलीत लाकूड बांजचे. गोठ्यात अंथरायला पाने बांजची, आणि शेणामुतात कुजून तीच पाने शेताला खत होऊन मिळत. औताचे लाकूड बांजचे. अस्वलाला, वानराला, पाखराला फळे बांजची. आणि त्याच्या पानांच्या कुजीने झालेली काळी माती पावसाचे पाणी धावू न देता जिरवी, ते खालच्या झऱ्याला हळूहळू सोडी. यांतला एकही पदार्थ बाजारात गेला नाही, एकाचीही पावती फाटली नाही. म्हणून जमाखर्चाच्या वहीत बांजच्या नावापुढे भोपळा! मुलांनो, असे मी वर्गात सांगते, वहीत शून्य असणे आणि वस्तूत शून्य असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

गावकऱ्यांना हे शिकवावे लागले नाही. १९२१ साली कुमाऊँत लोकांनी सरकारी रानांना आगी लावल्या. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी त्या काळचे दप्तर तपासून दाखवले आहे, की पेटली ती मुख्यत्वे चीडची राने. रुंद पानांची राने, तीही सरकारच्याच ताब्यातली असून, लोकांनी पेटवली नाहीत. रागाच्या भरातही त्यांनी आपले कोण आणि तिजोरीचे कोण हे ओळखले. सरकारला त्याच वर्षी तक्रारी ऐकायला समिती नेमावी लागली, आणि पुढे १९३१ पासून गावच्या वनपंचायती उभ्या राहिल्या.

या कथेत आमच्या विदर्भाचाही एक धागा आहे आणि तो सांगताना माझी मान ताठ होते. इंग्रज नौसेनापतीची मुलगी मॅडलिन स्लेड १९२५ साली गांधीजींकडे आली आणि मीराबहेन झाली. वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजींच्या आधी जाऊन राहिली ती मीराबहेनच. आज ज्या बापूकुटीला आपण हात जोडतो ती आधी तिच्यासाठी उभारलेली झोपडी होती. १९४० साली त्या सेगावचे सेवाग्राम झाले. स्वातंत्र्याच्या सुमारास ती हृषीकेशकडे गेली आणि मग भिलंगणा नदीच्या खोऱ्यात राहिली. १९५२ साली तिने एक छोटा लेख लिहिला. हिमालयात काहीतरी बिघडते आहे, हा त्याचा मथळा आणि हाच त्याचा आशय. बांज मागे हटतो आहे, त्याच्या जागी चीड चढतो आहे, बांजच्या मातीत जिरणारे पाणी आता उतारावरून धावते आहे आणि खाली पूर होऊन येते आहे, असे तिने मांडले. सेगावच्या मातीच्या भिंतीत राहिलेल्या बाईला डोंगराची माती वाचता आली! पण लेखाने खाते हलले नाही. वीस वर्षांनी, १९७३ साली मंडलच्या गावकऱ्यांनी आणि १९७४ च्या मार्च महिन्यात रैणीच्या गौरादेवीने आणि तिच्या सोबतिणींनी जे केले ते जगाला ठाऊक आहे. चिपको तो हाच.

आता प्रतिपक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. नाही तर मी मास्तरीण कसली? कुणी म्हणेल, “बाई, चीड काही परका नाही, तोही हिमालयाचाच पुत्र आहे.” मान्य. उघड्या, भाजलेल्या, खडकाळ उतारावर चीडच आधी तग धरतो, हेही मान्य. दुसरे कुणी म्हणेल, “बांज सरकारने एकट्याने संपवला नाही, गावकऱ्यांनीच चाऱ्यासाठी त्याला ओरबाडून ठुंठा केला.” तेही खरे. रान आखडले, माणसे आणि गुरे तेवढीच राहिली, आणि उरलेल्या बांजवर सगळ्यांचा विळा पडला. ओरबाडलेल्या बांजच्या सावलीत फट पडली की चीडचे बी उडून येऊन तिथे रुजते. तिसरे कुणी म्हणेल, “झाडे पाणी निर्माण करीत नाहीत, झाडही पाणी पितेच.” बरोबर. झऱ्याचा जीव खडकाच्या घडणीत असतो, पावसात असतो, आणि मातीतही असतो. माझे म्हणणे एवढेच, की या तिघांपैकी माती ही एकच गोष्ट माणसाच्या हाती आहे, आणि नेमकी तीच आपण हातची घालवतो.

त्याची किंमत कोण भरतो तेही पाहा. २०२४ च्या जून महिन्यात अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनकर्मचारी होरपळून मेले. चीडच्या वाळक्या सुया म्हणजे डोंगरावर पसरलेले घासलेट. ठिणगी पडायचा अवकाश. हिशेबाच्या वहीत राळेची कमाई मांडली होती, वणव्याची बाकी मांडली नव्हती. ती बाकी त्यांच्या घरांनी भरली.

उलट उदाहरणही आहे, आणि ते एका शाळामास्तराचेच आहे, म्हणून मी ते अभिमानाने सांगते. पौडी गढवालातल्या उफरैंखाल गावी सच्चिदानंद भारती नावाचे शिक्षक. त्यांनी गावोगावच्या बायकांना बरोबर घेऊन उतारावर लहान लहान खळगे खणले, त्यांच्या भोवती बांज आणि त्याच्या संगतीची झाडे लावली आणि राखली. आटलेला ओढा पुन्हा वाहू लागला. या कामाला दशके गेली. एका पावसाळ्यात, एका दिवसात, अमुक कोटी असा प्रकार तिथे नव्हता.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे झाडांचे त्रैराशिक चालते! २०१६ च्या जुलैत दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी, २०१९ साली तेहेतीस कोटी अशी झाडे लावायची राज्याची उद्दिष्टे होती. तेहेतीस कोटी म्हणजे देवांची संख्या. आणि देवांप्रमाणेच पुढे त्यांचे दर्शन व्हायला पुण्याई लागते. शहरांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा अधिक वयाचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले, आणि एखादे झाड तोडायचेच झाले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असा नियम झाला. हेतू चांगला आहे, मी नावे ठेवीत नाही. झाडाला वय असते आणि त्या वयाला मोल असते, एवढे तरी कायद्याने कबूल केले. परंतु माझ्या सातवीतल्या पोरालाही यातली खोच कळेल. साठ वर्षांच्या पिंपळाबदली साठ रोपे लावली तर त्या दिवशी सावली किती पडली? साठ एक-एक वर्षांची पोरे मिळून साठ वर्षांचा आजोबा होत नाही. आणि ती रोपे लावायची कुठे? याच प्रश्नात खरा घाव आहे.

लावायची ‘पडीक’ जागेवर! आमच्या पूर्व विदर्भात या पडीक जागेचे एक खास नाव आहे : झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ही जमीन शहाऐंशी हजार हेक्टरांहून अधिक भरते. मालगुजारी गेली तेव्हा ही जमीन सरकारकडे आली आणि महसुली कागदात ‘झुडपी’ या शेऱ्यानिशी पडून राहिली. बोरीची, पळसाची, भराटीची झुडपे, मधे गवत, गावची गुरे, तितर, ससे आणि पावसाळ्यात पाण्याचे डबरे. इमारती लाकूड नाही, पीक नाही, महसूल नाही. म्हणजे पुन्हा तोच शेरा : वांझ! साहेबाने बांजला जे म्हटले तेच आपण आपल्या घरच्या माळाला म्हणत आलो. वर्षानुवर्षे या जमिनीकडे रस्त्याला, कारखान्याला, वसाहतीला फुकट मिळणारा तुकडा म्हणून पाहिले गेले. आणि दुसरीकडचे रान तोडले की त्याची भरपाई म्हणून रोपे खोचायची तीही इथेच. म्हणजे एक रान तोडायचे, आणि दुसरे रान खणून त्यात पहिल्याचे श्राद्ध घालायचे!

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निकाल दिला. सरन्यायाधीशपदी तेव्हा आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्याच जुन्या आदेशाला धरून न्यायालयाने सांगितले की झुडपी जंगल हे जंगलच समजले पाहिजे. त्या तारखेपूर्वी तिथे वसलेल्या घरांची, शाळांची, कचेऱ्यांची सोय लावायची वाटही दाखवली. गोरगरिबांना एका रात्रीत उठवले नाही. आणि भरपाईच्या लागवडीसाठी झुडपी जमीन वापरता येणार नाही, वनेतर जमीन खरोखरच उपलब्ध नाही असे मुख्य सचिवांनी लिहून दिल्याखेरीज, असेही बजावले. न्यायालयाने आपले काम केले. परंतु निकाल कागदावर असतो आणि समजूत डोक्यात असते. त्या समजुतीला अपील कुठे करायचे? २०२१ साली अजनीच्या वनराईसाठी नागपूरकर रस्त्यावर आले, तेव्हाही ‘लोकांना विकास नको’ असे म्हणणारे भेटलेच. तीच समजूत, तोच सूर.

ही समजूत कशी असते ते मी घरातच पाहिले आहे, म्हणून आता मोठीआईकडे येते.

मोठीआईला मूल नव्हते. आमच्या घरी आम्ही पाच भावंडे. आई सतत आजारी. आमची न्हाणी, धुणी, ताप, गोवर, परीक्षेच्या पहाटा, सगळे मोठीआईने केले. बाळगुटी तिने उगाळली. मायफळाचे किती वेढे घ्यायचे ते तिच्या बोटांना पाठ होते. आणि बारशाच्या दिवशी काय होई? सगळ्या सुवासिनी ओटी भरायला पुढे होत आणि मोठीआई स्वयंपाकघरात पुऱ्या तळीत बसे. कुणी तिला बोलवत नसे, आणि बोलवू नये हे तिलाही माहीत असे. “तिचा हात नको,” एवढे एक वाक्य मी लहानपणी दाराआडून ऐकले आहे. ज्या हाताने पोरे जगवली तो हात नको! घराच्या हिशेबात मोठीआईच्या नावापुढे भोपळाच होता. ती गेली तेव्हा आम्ही पाचही जणे मोठी झालो होतो आणि स्मशानातून परतताना धाकट्याने विचारले, “आता आपण कुणाचे?” आई समोर होती, पण प्रश्न कुणालाच चुकीचा वाटला नाही, आईला तर मुळीच नाही.

मायफळाच्या पुडीतली ओकची गाठ उगाळणाऱ्या बाईला आम्ही वांझ म्हटले. झरे पोसणाऱ्या ओकला सरकारने वांझ म्हटले. गुरे पोसणाऱ्या माळाला महसुलाने वांझ म्हटले. तिन्ही ठिकाणी शेरा मारणाऱ्याला स्वतःला हवी असलेली एक वस्तू मिळाली नव्हती. कुठे मुलगा, कुठे स्लीपर, कुठे सारा. बाकीचे जे मिळत होते ते इतके रोजचे होते की ते कुणी मोजलेच नाही. मोजणाऱ्याचे माप तोकडे, आणि दोष मात्र मोजल्या जाणाऱ्याचा!

म्हणून त्या सभेतल्या वयस्क गृहस्थांना माझे आता जाहीर उत्तर असे. दादा, झाड ते झाड नव्हे. बांजच्या जागी चीड लावून पाहिला. शंभर वर्षांचा तो प्रयोग हिमालयात झालेला आहे आणि त्याचा निकाल झऱ्यांच्या तोंडाशी लिहिलेला आहे. कोणते झाड, कोणत्या मातीत, कुणाच्या शेजारी, आणि किती वर्षांचे, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज एकाच्या बदली दुसऱ्याची भाषा करू नये. रस्ता पाहिजे, मलाही पाहिजे. माझी पोरे त्याच रस्त्याने शाळेत येतात. परंतु रस्त्याला वळण देता येते, साठ वर्षांना देता येत नाही. माळावर रोपे खोचण्यापूर्वी तो माळ आधीच काय करतो आहे ते गावच्या गुराख्याला विचारावे. आणि ‘वांझ’ हा शब्द झाडाला, जमिनीला, आणि सगळ्यांत आधी बाईला, पुन्हा लावू नये.

वाचकहो, दिवाळीत आपण घराच्या कानाकोपऱ्यात पणती ठेवतो. न्हाणीघरापाशी, गोठ्याच्या दाराशी, उकिरड्यावरसुद्धा ठेवतो, कारण ज्यांनी वर्षभर मुकाट्याने काम केले त्यांचाही तो सण आहे. यंदा पाडव्याला गावाबाहेरच्या झुडपी माळावर मुलांना घेऊन एक चक्कर मारा. तिथे पाहण्यासारखे काही नाही, असे मुले पहिल्या पाच मिनिटांत म्हणतील. अर्धा तास थांबा.

माझ्यापुरते मी एक काम उरकले आहे. सुटी लागण्यापूर्वी शेवटच्या तासाला मी सातवीच्या वर्गाला त्या शब्दार्थवहीतली ओळ खोडायला लावली आणि नवी लिहून दिली : “ओक : हिमालयातही वाढणारे झाड, तिथे एका जातीला बांज म्हणतात, त्याच्या खाली झरे असतात.” मागच्या बाकावरचा तो पोरगा म्हणाला, “बाई, परीक्षेत एवढे लिहिले तर मार्क मिळतील का?”

मी त्याला खरे ते सांगितले. म्हटले, “बहुतेक मिळणार नाहीत. तरी लिही.”